भिवा तरीवाल्याची जबानी

“तुम्हीच सांगा ना त्यांना, ओककाका,” प्रकल्प सांभाळणारा मुकुल त्र्यंबकला म्हणाला.

“मी... मी मेल केलाय की.”

“मेल वाचलाय त्यांनी. म्हणूनच तर बोलावलंय. उद्या सकाळी संपादक मंडळाचा कॉल आहे. शिर्केसर म्हणाले, ज्यांनी हरकत घेतलीय त्यांनाच बोलू दे.” मुकुल त्याच्या टेबलाच्या कडेला टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मी बोलू शकतो तुमच्या वतीने. पण खरं सांगू? मला नाही जमणार ते तुमच्यासारखं. आणि सोमवारी साइट लाइव्ह करायचीय. उद्या त्यांनी नाही म्हटलं, तर मग नाहीच.”

त्र्यंबकने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मुकुलला कळलं नसावं. तो आपल्या केबिनमध्ये निघून गेला. खालच्या मजल्यावर भाड्याने चालणाऱ्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन घरघरत होतं. त्र्यंबकने पाण्याची बाटली उघडली, आणि न पिताच बंद केली.

वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत त्यांचं ऑफिस होतं. जुनी मोडी कागदपत्रं देवनागरीत आणून, त्यांना खुणा घालून, वाचकांसाठी इंटरनेटवर ठेवायची हे तिथलं काम. लिप्यंतर करणारे लोक वेगळे होते. त्र्यंबककडे यायचे ते लागोपाठ पुन्हा आलेले शब्द. मजकुरात एकच शब्द दोनदा आला की संगणक तो पिवळा करून त्याच्यापुढे ठेवी. मग त्याने ठरवायचं, की हा शब्द लिहिणाऱ्याने मुद्दाम दोनदा लिहिलाय, की पान उलटताना मागचा शब्द नव्या पानावर परत घेतलाय, की नुसतीच हाताची चूक आहे. चूक असेल तर ‘जादा’ अशी खूण करायची. ‘जादा’ ठरलेला शब्द मूळ नोंदीत राही, पण वाचकाला पडद्यावर दिसत नसे.

हे काम त्याला आवडायचं. त्याआधी तो नौपाड्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापखाना बंद झाला तेव्हा त्याच्या मालकांनीच त्याचं नाव इथे सुचवलं. दोन्ही कामांत बोलावं लागत नसे, आणि त्र्यंबकच्या दृष्टीने नोकरीत पाहायची पहिली गोष्ट ती होती. कारण तो बोलताना अडकायचा. लहानपणापासून. घरच्यांनी आजोबांचं नाव ठेवलं, ते असं की जिभेला सुरुवातीलाच तीन दगड ओलांडावे लागत. शाळेत नवे मास्तर आले की तो आधल्या रात्रीपासून तापाने फणफणायचा. पुढे तो फक्त आडनाव सांगू लागला. ‘ओक’ कसं तोंड उघडलं की बाहेर पडतं. पंचावन्नाव्या वर्षीही ऑफिसात कित्येकांना त्याचं नाव माहीत नव्हतं. स्टेशनबाहेरच्या गाडीवर त्याला बटाटावडा हवा असायचा आणि तो समोसा मागायचा. ‘ब’ला ओठ मिटले की उघडतील याचा भरवसा नव्हता. समोसा त्याला फारसा आवडत नसे.

भिवा तरीवाला त्याला सापडला तो गेल्या आठवड्यात.

कल्याण सुभ्याच्या जबान्यांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, कामाला आला होता. कोणाची गाय कोणाच्या शेतात शिरली, कोणी कोणाचा बांध कोरला, अशा तक्रारींत लोकांनी दिलेल्या साक्षी. वेळ कमी म्हणून मुकुलने सगळा खंड प्रोग्रॅममधून काढला होता, आणि प्रोग्रॅमने सरसकट पुनरावृत्ती ‘जादा’ ठरवून ठेवली होती. त्र्यंबकने फक्त वरवर नजर टाकायची होती. खाडीवर होडी चालवणाऱ्या भिवाच्या जबानीपाशी मात्र तो थांबला. सरकारी भाताच्या गोणी त्याच्या होडीतून आल्या आणि मोजणीत कमी भरल्या, म्हणून त्याला विचारणा झाली होती.

‘पुसिलें जे, गोणी कोठें उतरिल्यास. भिवा बोलिला जे, बंदरीं बंदरीं बंदरीं उतरिल्या. पुसिलें जे, कोणापाशीं दिल्ह्या. बोलिला जे, कारकुनापाशीं कारकुनापाशीं दिल्ह्या.’

पानभर असंच. पडद्यावर पिवळंच पिवळं. त्र्यंबकने ते एकदा वाचलं, मग ओठ हलवत वाचलं, आणि त्याचे कान गरम झाले. पुन्हा आलेला प्रत्येक शब्द उत्तराच्या तोंडाशीच होता, आणि ‘ब’, ‘प’, ‘क’, ‘त’ यांवरच होता. प्रश्न आला की भिवा अडकत होता. मधे एके ठिकाणी तो आपणहून सांगू लागला होता, की ओहोटी लागली, होडी चिखलात रुतली, आम्ही गुडघाभर गाळात उतरून ढकलली, तर तिथे सात-आठ ओळींत एकही शब्द परत आलेला नव्हता. लिहिणारा हात तर तोच होता. हाच लेखनिक एरवी शब्द दोनदा हवा असला की, ‘हळूहळू’साठी जसं, ‘हळू’ लिहून पुढे फक्त दोनाचा आकडा टाकायचा. इथे त्याने शब्द पुरते लिहिले होते.

आणि शेवटी निवाडा होता: ‘जबानींत बोल ठरत नाहीं. सबब तरीवाला खोटा. होडी सरकारांत घ्यावी.’

जादा शब्द लपवले की भिवाची जबानी स्वच्छ, ठाम दिसत होती. मग बोल ठरत नाही म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला कळायला वाव नव्हता. त्र्यंबकने त्याच दिवशी मेल लिहिला. लिहिताना तो कुठेच अडकला नाही. त्याचं उत्तर असं बोलावणं होऊन येईल, हे त्याला सुचलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी कल्याणच्या घरी त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. सुमतीने दोनदा आमटी वाढली तेव्हा त्याने एकदाही ‘पुरे’ म्हटलं नाही.

“काय झालंय?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं. सांगायला वेळ लागला. उर्वी मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होती. ती त्यांची एकुलती मुलगी, एका जाहिरात कंपनीत व्हिडिओ एडिटिंग करायची.

“मग दादांना विचारून बघता का?” सुमती म्हणाली. “ते बसतील कॉलवर तुमच्या बाजूला. तुम्ही लिहून द्या, ते वाचतील.”

दादा म्हणजे त्र्यंबकचा थोरला भाऊ. सुमतीच्या घरी पाहायला गेले होते तेव्हाही तेच बोलले होते. मुलगा अबोल आहे, अभ्यासू आहे, असं. सुमतीला खरं काय ते लग्नानंतर कळलं. ती त्यावरून कधी बोलली नाही, पण कोणी पाहुणे आले की ती पुढे होऊन दोघांचंही बोलून टाकायची.

“नको,” त्र्यंबक म्हणाला.

“बाबा, आपण रेकॉर्ड करूया ना!” उर्वी उठलीच. “तुम्ही आरामात बोला. हवं तेवढ्या वेळा अडका. मी कट करते. उद्या नुसतं प्ले करायचं. हल्ली सगळे करतात असं, काही वाटत नाही कोणाला.”

तिने त्याला आतल्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला, उशीवर मोबाइल उभा केला. त्र्यंबक बोलत गेला. अडकला की उर्वी खिडकीबाहेर बघायची. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. मग ती लॅपटॉप घेऊन बसली आणि कानाला हेडफोन लावून त्याच्या आवाजाची लांबलचक पट्टी कापत गेली.

“ऐका,” ती म्हणाली.

लॅपटॉपमधून एक माणूस बोलू लागला. आवाज जरा घोगरा, शब्द मोजके. ‘नमस्कार. भिवा तरीवाल्याच्या जबानीतल्या पुनरावृत्तीबद्दल मला काही मांडायचं आहे.’ कुठे थांबणं नाही, ओढणं नाही. त्र्यंबक पुढे वाकून ऐकत राहिला. हा आवाज आपला, हे त्याला पटायला वेळ लागला.

“परत लाव,” तो म्हणाला. मग त्याने सुमतीला हाक मारून बोलावलं आणि तिलाही ऐकवलं. सुमती पदराला हात पुसत उभी होती. तिचे डोळे भरून आले. “किती छान बोलता हो तुम्ही,” ती म्हणाली, आणि असं म्हटल्याबद्दल लगेच गोरीमोरी झाली.

झोपताना त्याला बरंच हलकं वाटत होतं. पण पहाटेच जाग आली. कॉलवर कोणी मधेच काही विचारलं तर?

मीटिंगच्या खोलीत तो आणि मुकुल दोघंच होते. भिंतीवरच्या पडद्यावर मंडळाचे लोक एकेका चौकोनात दिसू लागले. डॉ. दौलतराव शिर्के, मंडळाचे अध्यक्ष, मागे पुस्तकांची कपाटं. त्यांच्या शेजारच्या चौकोनात श्रिया, भाषाशास्त्र शिकवणारी तरुण बाई. आणखी दोघं होते, त्यांचे कॅमेरे बंद होते.

“ओक, तुमचं टिपण मी वाचलं. चांगलं आहे,” शिर्के म्हणाले. “जरा तोंडी मांडा, म्हणजे चर्चा करता येईल.”

त्र्यंबकने मुकुलकडे पाहिलं. मुकुलने रेकॉर्डिंग सुरू केलं. “ओककाकांनी आधीच रेकॉर्ड करून आणलंय,” तो म्हणाला.

घोगरा आवाज पडद्यावरून खोलीभर पसरला. शिर्के मान हलवत ऐकत होते. श्रिया काहीतरी टिपून घेत होती. त्र्यंबक गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, जणू ज्याचं कौतुक चाललंय तो कोणी तिसराच आहे. रेकॉर्डिंग संपलं.

“फार स्वच्छ मांडलंत,” शिर्के म्हणाले. “पण माझी एक शंका आहे. माणूस बोलताना अडखळला तरी लेखनिक ते गाळतोच. शेकडो जबान्या मी वाचल्यात, कोणी अडखळणं लिहून ठेवत नाही. मग याच लेखनिकाने का ठेवावं? पान खराब असेल, शाई पुसली असेल, म्हणून त्याने शब्द परत गिरवले असतील. तो तरीवाला तोतरा होता, असं आपण आज कशावरून म्हणायचं?”

तोतरा. त्र्यंबकने तो शब्द बऱ्याच वर्षांनी कोणाच्या तोंडून ऐकला होता. शिर्क्यांच्या मनात काही नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होते. उत्तर त्र्यंबककडे होतं. ‘पान खराब नाही.’ एवढंच सुरुवातीला म्हणायचं होतं. त्याने ओठ मिटले आणि ते तसेच राहिले. मान ताठ झाली. डोळे आपोआप बारीक झाले. आत शब्द पुरा तयार होता, दाराशी उभा होता.

“ओक?” शिर्के म्हणाले. “हॅलो? तुमचा आवाज येत नाहीये.”

“म्यूट आहेत का ते?” कॅमेरा बंद असलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं.

“नेटवर्क असेल. व्हिडिओ पण अडकलाय बघा.”

मुकुल खुर्चीत पुढे सरकला. “सर, मी सांगतो...” त्र्यंबकने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“न... न... नाही,” तो म्हणाला. “म्यूट नाही. मी... मीच अडकलोय.”

श्रियाने पेन खाली ठेवलं.

“आधी ऐकलंत ते... ते मुलीने कापून दिलंय. अडकलेलं सगळं क... काढून टाकून. मी असा बोलतो.” त्याने श्वास घेतला. मानेवर घाम आला होता, पण आता मागे फिरायला जागा नव्हती. “ते ऐकून तुम्हाला क... कळलं असतं का?”

शिर्क्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

“पान खराब नाही,” त्र्यंबक म्हणाला. या वेळी तो शब्द एका धक्क्यातच सुटला. “फोटो आहे. मुकुल, द... दाखव.”

मुकुलने पानाचा फोटो पडद्यावर आणला. त्र्यंबकने उभं राहून ओळ वाचायला घेतली. ‘बंदरीं बंदरीं बंदरीं उतरिल्या.’ ‘कारकुनापाशीं कारकुनापाशीं दिल्ह्या.’ तो वाचत गेला, पुढची ओळ, त्याच्या पुढची. कुठेच थांबला नाही. दुसऱ्याचं अडखळणं त्याला न अडखळता वाचता येत होतं. मग चिखलात रुतलेल्या होडीच्या ओळी वाचल्या, आणि शेवटी निवाडा.

“लेखनिकाने का लिहिलं, म... मला माहीत नाही,” तो म्हणाला. “त्याला वाटलं असेल, साहेबांना दाखवावं, हा कसा बोलतो. किंवा जे ऐकलं ते लिहिलं. पण... पण त्याने ऐकलं. जबानीत हा माणूस एकदाही बोलणं फिरवत नाही. तेच सांगतो. मग बोल ठरत नाही असं का म्हणाले?” त्याला आणखी काही म्हणायचं होतं. ते आलं नाही, आणि तो खाली बसला.

आपल्या टिपणाकडे बघत श्रिया म्हणाली, “सर, प्रश्न आला की अडकणं आणि आपणहून सांगताना न अडकणं, हे लेखनिकाच्या चुकीत बसत नाही. हाताला काय माहीत प्रश्न कुठला नि गोष्ट कुठली?”

“हं,” शिर्के म्हणाले. त्यांनी चष्मा परत लावून पानाचा फोटो पाहिला. “तोतरेपणा मी टिपेत लिहू देणार नाही. लेखी पुरावा नाही. पण शब्द लपवायला नकोत. या एका जबानीपुरत्या ‘जादा’च्या खुणा काढा. ‘पुनरुक्ती मुळाबरहुकूम’ एवढंच लिहा. चालेल, ओक?”

त्र्यंबकने मान हलवली.

“आणि ओक...” शिर्के थांबले. “बरं झालं तुम्ही बोललात.”

कॉल बंद झाल्यावर मुकुल म्हणाला, “काका, चहा?” त्र्यंबकने हातानेच नको म्हटलं. त्याला सगळ्यात आधी आला तो संताप, कोणावर ते कळत नव्हतं. ‘एका जबानीपुरत्या’, शिर्के म्हणाले होते. रुमालात आणखी किती भिवा असतील, आणि प्रोग्रॅमने त्यांना कधीच नीटनेटकं करून टाकलं असेल. मग संताप ओसरला आणि तो आपल्या टेबलाशी गेला. दुपारभर त्याने एकेक करून पिवळे शब्द मोकळे केले. पुढचे खंड तपासायला माणूस लागणार की नाही, हे मुकुलने सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

घरी उर्वीने दारातच विचारलं, “चाललं ना माझं रेकॉर्डिंग?”

“चाललं,” तो म्हणाला. मग बूट काढता काढता म्हणाला, “पुढचं मात्र म... मलाच बोलावं लागलं.”

उर्वीचा चेहरा उतरला. “सॉरी बाबा. मला वाटलं, तुम्हाला सोपं जाईल.”

“गेलं की. थोडा वेळ.” त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “ते रेकॉर्डिंग प... पुसू नकोस मात्र. राहू दे.”

सोमवारी साइट लाइव्ह झाली. संध्याकाळी तो घरी लवकर आला आणि उर्वीचा लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत बसला. कल्याण सुभा, जबान्या, भिवा तरीवाला. पान उघडलं. बंदरीं बंदरीं बंदरीं. तिन्ही शब्द काळ्या अक्षरांत एकाशेजारी एक होते. तळाला बारीक टीप होती, ठरलेल्या दोन शब्दांची. निवाडा तसाच होता. होडी सरकारांत घ्यावी.

पानाच्या कोपऱ्यात स्पीकरचं एक लहानसं चित्र होतं. हे कधी घातलं, असं मनात म्हणत त्याने त्यावर बोट टेकवलं. खोलीत एक अनोळखी पुरुषी आवाज बोलू लागला. यंत्राचाच होता, प्रश्न आणि उत्तर एकाच चालीत वाचत होता. बंदरीं बंदरीं बंदरीं उतरिल्या. तिन्ही वेळा तितकाच ठाम.

सुमती हातात पळी घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात आली. “अगंबाई, कोण आलंय हो?”

त्याने सांगायला तोंड उघडलं. ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. आवाज पुढचा प्रश्न वाचत होता. सुमती दारातच थांबली.

“भि... भिवा,” तो म्हणाला. “कल्याणचाच. होडी होती त्याची.”

सुमतीने लॅपटॉपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आत जाऊन तिने गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी येऊन ऐकत बसली.